दारांचा पंचनामा

नांदेड जिल्ह्यातल्या ओढ्याकाठच्या एका वस्तीला एका नायब तहसीलदारानं फसवलं, आणि त्या कामाला माझा माल वापरला. साहेबाचं नाव लिहीत नाही, कारण या अंकाच्या संपादकांना कोर्टाची धास्ती वाटते. मला वाटत नाही. उभा जन्म घासाघीस करण्यात गेला, त्यात कोर्टाच्या पायऱ्याही आल्या. पण संपादक म्हणाले, "नरसिंगमामा, राग ठेवा, नाव काढा." एवढ्या सौद्याला मी तयार झालो.

माझा धंदा जुन्या दारांचा. लातुरात माझी वखार आहे. दारं, चौकटी, तुळया, खांब, खिडक्या, सगळं जुनं. कुणी घर पाडायला काढलं की मला बोलावतात. मी जातो, दोनदा घराला फेरी मारतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "काही राम नाही यात." ही धंद्याची पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे निघून जायला वळायचं. तिसरी पायरी मालकाची असते, तो हाक मारतो.

लोकांना वाटतं जुनं लाकूड म्हणजे सरपण. तसं नाही. दाराचं वय फळ्यांवर दिसत नाही, उंबऱ्यावर दिसतं. तो मधोमध किती झिजलाय ते बघायचं. कडीच्या खाली लाकडात अर्धगोल खड्डा पडलेला असतो, कडी किती वर्षं हलत होती ते तो सांगतो. मग बोटाच्या पेरानं ठोकायचं. चांगलं सागवान भरीव आवाज देतं, वाळवी लागलेलं खोकतं. मी डोळे मिटून दार ओळखतो. माणसं ओळखण्यात मात्र कधी कधी मार खातो, ते पुढं येईलच.

धंदा सुरू झाला भूकंपानं. त्या पहाटे काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. ते आठवलं की मला राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय मला लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की दगडमातीच्या ढिगाऱ्यातून आमच्या घराचं दार चौकटीसकट धडधाकट निघालं. बाहेरून आलेला एक ठेकेदार म्हणाला, "देतोस का?" मी रडत रडत भाव केला. रडत होतो हे खरं, आणि भाव सोडला नाही हेही खरं. त्या एका दारातून मी वखार उभी केली.

सरकारनं आम्हाला नवं गाव दिलं. सरळ रस्ते, रांगेत घरं, प्रत्येकावर नंबर. सुरुवातीला माणसं आपलं घर सोडून दुसऱ्याच्याच घरात शिरायची, एवढी सारखी. आम्ही शिव्या घातल्या, पण राहिलो. आणि आम्हाला एक दाखला मिळाला, भूकंपग्रस्त. त्या दाखल्यावर माझ्या पुतण्याला पुढं नोकरी लागली. म्हणजे बघा, माझं घर एका दमात पडलं, म्हणून कायद्यानं मला जवळ घेतलं. हे ध्यानात ठेवा, मला पुढं हेच भांडायचं आहे.

मग लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. अख्ख्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला यायला लागली. जिथं ज्वारी होती तिथं हॉस्टेलं उगवली. प्रत्येक खोलीला दार पाहिजे, आणि ते कालच पाहिजे. माझी चांदी झाली. गिऱ्हाईकं तरी कसली! एक हॉस्टेलवाला वखारीत आला आणि हळूच म्हणाला, "मामा, ज्या घरातून डॉक्टर निघाला त्या घरचं दार आहे का? पालकांना दाखवायला बरं पडतं."

मी म्हटलं, "आहे. पण गुरांचा डॉक्टर आहे."

तो विचारात पडला. खरंच विचारात पडला! मग म्हणाला, "पालकांना नुसतं डॉक्टर सांगू."

अशा दिवसांत एका सकाळी वखारीसमोर दोन बैलगाड्या आणि एक ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यात माणसं कमी आणि दारं जास्त. चौकटी उंबऱ्यासकट उपटून आणलेल्या, उंबऱ्यांना अजून माती चिकटलेली. पुढं एक बाई, कमरेला पदर खोचलेला. ही गयाबाई. लोह्याच्या पुढं आत शिरलं की ओढ्याच्या वळणात यांची वस्ती होती. सगळी वस्ती उठून लातूरला आली होती.

मी माझी पहिली पायरी केली. फेरी मारली, तोंड वाकडं केलं. "काही राम नाही यात."

"नसू द्या," गयाबाई म्हणाली. "इकायचं न्हाईच."

"मग आणलंत कशाला?"

"घर सोडताना दार सोडून येत असतेत व्हय? दार मागं ठिवलं की घर बेवारस व्हतंय. आमच्यात चौकट संगं नेतेत."

"मग ठेवा की तुमच्या खोलीत."

"खोलीपरीस दार मोठं हाय, भाऊ."

पत्र्याची खोली घेतली होती तिनं, झोपडपट्टीत. मी म्हटलं, वखारीत ठेवतो, पण जागेचं भाडं पडेल. ती म्हणाली, "भाडं तुमी द्यायचं. दारं आमची, शोभा तुमच्या वखारीला." मी निघून जायला वळलो. तिनं हाक मारली नाही. वखार माझी होती, मी जाणार कुठं? थोडं पुढं जाऊन परत आलो. माझ्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

शेवटी तोड निघाली ती अशी की दारं विकायची नाहीत, हॉस्टेलला भाड्यानं लावायची. भाडं त्यांचं, दलाली माझी. दारं भाड्यानं देणारा मी लातुरातला पहिला माणूस, आणि बहुतेक शेवटचाही. गिऱ्हाईक मिळालं माणिकसर. हे आधी शाळेत गणित शिकवायचे, मग त्यांना हिशेब कळला आणि त्यांनी पोरांचं हॉस्टेल काढलं.

"दार भाड्यानं?" माणिकसर ओरडले. "उद्या फरशी भाड्यानं द्याल!"

"फरशी पण आहे. दाखवू?"

त्यांनी दारं घेतली. पैसे अडकवायचे नव्हते आणि पोरं बॅगा घेऊन दारात उभी होती, म्हणजे दार असतं तर दारात. वस्तीची सगळी दारं त्या हॉस्टेलच्या खोल्यांना लागली. ठेंगणी दारं ती. उंच पोरं पहिल्या महिन्यात कपाळाला टेंगूळ घेऊन क्लासला जायची. गयाबाईला तिथंच मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम लागलं. कुणी दार आपटलं की ती लाटणं घेऊन वर यायची. "हळू लाव रं डॉक्टरा! माझ्या सासूचं हाय ते."

आता वस्ती का उठली ते सांगतो, कारण शहरातले लोक विचारतात, "पूर आला होता का?" आला होता. "दुष्काळ होता का?" तोही होता. गयाबाईच्या भाषेत सांगायचं तर पाऊस आधी हप्त्याहप्त्यानं यायचा, आता एकदम येतो आणि मग तोंड दाखवत नाही. एका साली ओढा घरात शिरला, मागची भिंत घेऊन गेला. भिंत बांधली. पुढं विहिरीला पाणी नाही. मग परत ओढा आला, जमिनीवरची माती घेऊन गेला. खाली मुरूम उरला. परत विहीर आटली. दर खेपेला भिंत थोडी आत, ओढा थोडा जवळ. एके दिवशी माणसांनी ठरवलं, बस झालं. कुणी हाकललं नाही, कुणी नोटीस दिली नाही. त्यांनी चौकटी उपटल्या आणि निघाले.

आणि आले कुठं, तर लातूरला! त्यांच्या मागोमाग लातूरचंच पाणी संपलं आणि रेल्वेनं पाणी आणावं लागलं. स्टेशनवर गर्दी झाली होती ते बघायला. गयाबाई हसून हसून खाली बसली. "आमी पाण्यापायी इकडं आलाव, आन् पाणी आगीनगाडीत बसून आमच्या मागं आलं! आधी ठाव असतं तर तिथंच थांबलो असतो, गाडीची वाट बघत."

त्यांना मुळात पाहिजे होतं एकच. वस्तीच्या वर टेकाडावर गायरान आहे. ओढा तिथवर कधी पोहोचत नाही. ती जागा वस्तीला गावठाण म्हणून मिळावी, सगळ्यांना एका ठिकाणी. गयाबाई म्हणायची, "पैका नगं. जागा द्या. घर आमी बांधताव, दारं तर हायतच." नाहीतर वस्ती काय, चार गल्ल्यांत पांगलेले भाडेकरू. पांगली की संपली. तिकडं ग्रामपंचायत म्हणते तुम्ही इथं राहत नाही, इकडं महापालिका म्हणते तुम्ही इथले नाही.

यासाठी वकील मिळाली तीही माझ्या वखारीत. मुदखेडच्या सुनीताताई, आपल्या ऑफिसला दार घ्यायला आल्या होत्या. भाव करता करता मी गयाबाईची गोष्ट सांगितली. भाव विसरल्या बाई. (मी नाही विसरलो.)

त्यांनी मला आणि गयाबाईला बसवून समजावून सांगितलं. "मामा, कायद्याला घटना लागते. भूकंप झाला, ही घटना. धरण बांधलं, त्याचा हुकूम निघाला, एवढी गावं बुडणार म्हणून यादी निघाली, ही घटना. पुरात घर पडलं, पंचनामा झाला, ही पण घटना. यांचं घर रोज थोडं थोडं गेलं. हवा बदलली, पाऊस बदलला, म्हणून गाव सोडलं, असा माणूस कायद्यात बसवायला खाना नाही. मी अर्ज लिहायचा तर कोणत्या तारखेला घर गेलं म्हणून लिहू?"

गयाबाई म्हणाली, "लिवा, रोजच्या तारखेला."

सुनीताताईंनी मात्र एक वाट काढली. वस्ती पुराच्या पट्ट्यात आहे, वारंवार पाणी शिरतं, म्हणून धोक्याची जागा ठरवून गावठाण हलवावं. आधी असं झालेलं आहे. त्यासाठी जागेवर पाहणी लागते, घरं होती आणि पाण्यानं राहण्याजोगी उरली नाहीत हे दिसलं पाहिजे. अर्ज गेला. पाहणी झाली. आम्हाला कुणी कळवलंच नाही. आणि शेरा आला, जागेवर दारे व चौकटी आढळून आल्या नाहीत, सबब सदर ठिकाणी वापरातील घरे असल्याचे दिसून येत नाही.

मी तो शेरा वाचला आणि सरळ तहसीलला गेलो. सुनीताताई मागून पळत आल्या. साहेब टेबलामागं बसले होते. गोरे, मऊ, बोलायला फार गोड माणूस. आवाज चढवला की ते आणखी गोड होतात, त्यामुळं माझा आणखी चढतो.

"दारं नाहीत म्हणजे घरं नाहीत?" मी म्हटलं.

"आता तुम्हीच सांगा मामा, बिनदाराचं घर असतं का?"

"दारं लातूरला आहेत!"

"मग घरं पण लातूरलाच असतील."

सुनीताताईंनी माझी बाही ओढली. मी ती सोडवली. "दारं पाहिजेत ना? दाखवतो. सगळीच्या सगळी दाखवतो. तुम्ही या बघायला."

"दाखवा की," साहेब म्हणाले. "फेरपाहणी लावतो."

आता दारं काढायची होती माणिकसरांच्या हॉस्टेलमधून, आणि परीक्षा तोंडावर होती. सर लालबुंद झाले. "पोरांचं वर्ष घालवता का? दार नाही, अभ्यास कसा होणार?"

"सर, तुम्ही गणिताचे माणूस. दार नसलं की मोबाईल कुठं लपवतील? पत्ते कुठं खेळतील? तुम्ही व्हरांड्यात उभे राहिलात की सगळ्या खोल्या एका नजरेत."

सरांनी व्हरांड्याच्या टोकापर्यंत नजर टाकली. मग सावकाश म्हणाले, "किती दिवस ठेवता?"

पोरांनीच दारं खाली उतरवायला हात लावला. डॉक्टर होणारी पोरं, पण चौकट धरायची कशी ते एकालाही माहीत नव्हतं. गयाबाई खालून सूचना देत होती, "उंबरा आधी! अरं उंबऱ्याला पाय लावू नगंस, नापास व्हशील!" त्या भीतीनं पोरं चौकट अशी धरायला लागली जणू देवच उतरवतात.

सकाळी उजाडायला टेम्पो निघाला. टेम्पोत दारं, दारांवर माणसं. चाकूरला चहाला थांबलो तर एक पोलीस आला. "कुणाचं घर पाडलं बे?"

गयाबाई केबिनमधून म्हणाली, "पाडलं न्हाई. घेऊन चाललाव."

पोलिसानं दारं बघितली, माणसं बघितली आणि चहा सांगितला. आम्हाला. त्याच्या पैशानं. आमच्या टेम्पोत इतकी हसाहशी चालली होती की त्याला वाटलं वऱ्हाड आहे.

वस्तीवर जोती तेवढी उरली होती. कुठं गुडघ्याएवढी भिंत, कुठं तीही नाही. पण माणसं टेम्पोतून उतरली आणि न चुकता आपापल्या जोत्यावर गेली. चौकटी उभ्या केल्या, दगड लावले, बांबूचे टेके दिले. मी ओळंबा धरून प्रत्येक चौकट सरळ केली. धंद्याचा माणूस आहे, वाकडी चौकट मला बघवत नाही. जवसाचं तेल आणलं होतं, त्यानं फळ्या पुसल्या. कड्यांना चिंच लावून घासलं, त्या पिवळ्याजर्द निघाल्या. बायकांनी आंब्याची पानं तोडून तोरणं बांधली, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. पाहुणा येणार म्हटल्यावर दार पुसून ठेवणं ही चूक असेल तर ती आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि मी ती परत करेन.

दुपारपर्यंत उघड्या माळावर नुसती दारं उभी. मागं आभाळ, पुढं आभाळ, मध्ये दार. आणि काय गंमत झाली, दारं उभी राहिली तशा भिंती आपोआप आल्या. माणसं दारातूनच जायला-यायला लागली. मी एका चौकटीचा टेका बघायला बाजूनं आत गेलो तर तुकाबा, वस्तीतले सगळ्यात म्हातारे, माझ्यावर खेकसले, "ओ मामा! भिंतीतनं काय येताव? दार दिसंना का?" मी बाहेर गेलो आणि दारातून परत आलो. दोन घरांतल्या जावा तर जुन्या भांडणावरून एकमेकींकडं न बघता शेजारी बसल्या होत्या. मधली भिंत नव्हती, तरी होती.

साहेब आले. बरोबर शिपाई आणि फोटोवाला. गाडीतून उतरून ते बघतच राहिले. मग गयाबाईच्या दारासमोर आले. दार बंद होतं. साहेबांनी डावीकडं पाहिलं, माळ. उजवीकडं पाहिलं, माळ. दाराच्या बाजूनं गयाबाई चटईवर बसलेली स्पष्ट दिसत होती. साहेबांनी बाजूनं एक पाऊल टाकलं, आणि सगळी वस्ती अशी बघायला लागली की ते पाऊल त्यांनी मागं घेतलं. आणि कडी वाजवली.

"कोन हाय?" गयाबाईनं विचारलं.

"मी... तहसीलमधून आलोय."

"थांबा, पदर घेते."

पदर घेतला. साहेब उभे. मग तिनं दार उघडलं. साहेब वाकून आत आले. वाकलं नसतं तरी चाललं असतं, वर आभाळच होतं, पण चौकट ठेंगणी होती आणि माणूस शिकलेला होता.

"बसा."

साहेब बसले. वही काढून म्हणाले, "बरं, स्वयंपाकघर कुठं होतं?"

"तुमी त्याच्यातच बसलाव. जरा सरका, चूल हाय तिथं."

साहेब दचकून सरकले! मी आयुष्यात खूप सौदे मारले, पण त्या सरकण्याएवढा आनंद मला कशानं झाला नाही. मागची भिंत कुठवर होती, पाणी कुठवर चढलं, धान्याची कणगी कशी वाहून गेली, गयाबाईनं हातानं हवेत सगळं घर उभं करून दाखवलं. साहेब माना डोलावत होते. चहा झाला. प्रत्येक दारात गेले, प्रत्येक ठिकाणी कडी वाजवली, वाकून आत गेले. शिपाई एकदा चुकून दोन घरांच्या मधून निघाला तर साहेबच त्याला म्हणाले, "अरे, भिंत आहे!" वस्ती हसून लोळली. साहेबही हसले. निघताना गयाबाईचं दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं, कडी लावली आणि म्हणाले, "कुत्रं शिरेल."

गाडी गेली. तुकाबा टेकाडाकडं हात करून जागा वाटायलाच लागले. "मी वरच्या अंगाला. गया, तू माझ्या शेजारी न्हाई, तुझं तोंड लई चालतंय." गयाबाई म्हणाली, "मंग मी तुमच्या दारासमोरच बांधते." त्या दिवशी मी घरी येईपर्यंत हसत होतो. मी जिंकलो होतो. मला जिंकलेलं लगेच कळतं, तो माझा धंदा आहे.

निकाल आला. सुनीताताईंनी वाचून दाखवला. वखारीत मी होतो, गयाबाई होती, मेसचं पीठ हाताला तसंच. लिहिलं होतं, फेरपाहणीत सर्व घरांची दारे व चौकटी सुस्थितीत आढळून आल्या. कडी-कोयंडे चालू स्थितीत. पडझड निदर्शनास आली नाही. रहिवासी रोजगारासाठी स्वखुशीने लातूर येथे गेलेले आहेत. सबब पुनर्वसनाचा प्रश्न उद्भवत नाही.

मला पहिल्यांदा हसू आलं. खरं सांगतो. दारं नव्हती तेव्हा घरं नव्हती, दारं आली तर नुकसान नाही. एवढा सफाईदार सौदा मला सुद्धा जमला नसता. मग गयाबाईकडं बघितलं. ती हाताचं पीठ एकेका बोटावरून काढत होती. "स्वखुशीनं," ती म्हणाली. "खुशी कुनाची म्हनं?"

मी परत तहसीलला. या खेपेला सुनीताताईंनी बाही धरली नाही.

"साहेब, भिंती?"

"भिंतींचं काय?"

"नाहीत त्या! तुम्ही बघितलं नाही?"

"मामा, पहिला शेरा दारांबद्दल होता. फेरपाहणी दारांची लागली. दारं बघितली, छान आहेत. मी तर तसं लिहिलं पण आहे. तुमच्याच मालाची तारीफ केली."

"तुम्ही माळावर बसून चहा घेतला!"

"तुम्ही तर घर म्हणालात," साहेब गोड हसले.

पुढं मी काय बोललो ते संपादक छापणार नाहीत. शिपायानं मला बाहेर काढलं. दारातून. माझ्या नजरेनं ते दार पण बघून घेतलं, हलकं होतं, प्लायवूडचं.

सुनीताताई म्हणतात, एकट्या साहेबावर राग काढू नका. वरिष्ठांकडं अपील केलं, तेही फेटाळलं. आता खंडपीठात याचिका आहे, तारखा पडतात. त्या म्हणतात, उद्या साहेबाच्या जागी देवमाणूस बसला तरी तो लिहिणार कुठं? खानाच नाही. पूर बघायला या, दुष्काळ बघायला या, पण दोघांनी मिळून घर खाल्लं तर बघायला यायचं कलम नाही. मी त्यांना मानतो, त्या शिकलेल्या आहेत. पण चूल दाखवल्यावर सरकून बसायला कोणतं कलम लागलं नव्हतं, हेही मला कळतं. घर दिसलं होतं त्या माणसाला.

दारं परत हॉस्टेलला नेली तर माणिकसर घ्यायला तयार नव्हते. बिनदाराच्या खोल्यांत पोरांनी असा अभ्यास केला की त्यांना पुढच्या वर्षीही तसंच ठेवायचं होतं. पोरांनीच दंगा केला, तेव्हा लागली. त्या खोल्यांतली काही पोरं डॉक्टर झाली. आता मला कुणी तसलं दार मागितलं तर माझ्याकडं खरोखरचं आहे, आणि विकायचं नाही.

मी हे सगळं हसत सांगतो, आमच्याकडं असंच सांगतात. पण मागच्या महिन्यात तुकाबा गेले. पत्र्याच्या खोलीतून त्यांना बाहेर काढताना जागा पुरली नाही, तिरकं करून काढावं लागलं. वस्तीतली सगळी माणसं जमायला दुपार झाली, कारण कोण कोणत्या गल्लीत गेलंय ते एकमेकांना विचारत यावं लागलं. गयाबाई म्हणाली, "पुढच्या खेपेला निम्मीच येतेन." त्याच आठवड्यात कळलं की टेकाडावरच्या गायरानात मोजणीचे दगड पडायला लागलेत.

म्हणून मी हे लिहायला घेतलं. साहेब, तुम्ही बढती घेऊन निवृत्त झालात, दिवाळी अंक वाचायला तुम्हाला आता वेळ आहे. ते दगड कुणासाठी पडतायत? वस्तीसाठी पडत नसतील तर कुणाच्या सहीनं पडतायत? माझं घर हादऱ्यानं गेलं तर मला नवं गाव, आणि यांचं पावसानं गेलं तर यांची खुशी, हे कुणी ठरवलं? कायद्यात खाना नसेल तर तो ठेवायचा कुणी राहू दिला, त्याचं नाव पाहिजे मला. विचाराधीन आहे, वर पाठवलंय, हे ऐकून माझे कान किटले. तुम्ही सांगा, नाहीतर तुमच्या खुर्चीत आता जे बसलेत त्यांनी सांगावं. मोजणी संपायच्या आत सांगा.